वादग्रस्त पुतळे: सांभाळायचे की हलवायचे, आणि हलवायचे तर कसे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. चौकातला पुतळा ज्याचा आहे तो माणूस वादग्रस्त असेल, म्हणजे गावातला एक गट त्याला हार घालतो आणि दुसऱ्या गटाला त्याचं नाव काढलं तरी संताप येतो, तर असा पुतळा सरकारने पोलीस लावून सांभाळावा का? आमच्या कट्ट्यावर यावरून सध्या चांगलीच जुंपलीये, पण तिथे सगळे एकदम बोलतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधी सांगतो. सांभाळावा, कोणाचाही असो. पण सांभाळला म्हणजे तो माणूस थोर होता असा सरकारने शिक्का मारला असं होत नाही, आणि तो तिथून कधीच हलणार नाही असंही नाही. हलवायचा तर दिवसाढवळ्या हलवा, आधी चर्चा होऊ दे, ठराव येऊ दे, कोणी मांडला कोणी विरोध केला हे कागदावर राहू दे. रात्री चार जण येऊन घाव घालून निघून जातात आणि सकाळी अख्ख्या गावाला त्याचे परिणाम भोगायला लागतात, हे मला मान्य नाही.

पुण्यातलीच दोन उदाहरणं घ्या. संभाजी उद्यानात राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा १९६२ पासून होता, ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे तो उखडून मुठेत टाकला. ना कोणाला विचारलं ना कोणाचं ऐकलं. दुसरं लाल महालातलं दादोजी कोंडदेवांचं. तिथे महापालिकेत रीतसर ठराव झाला होता, बहुमत होतं, पण पुतळा काढला कधी तर डिसेंबर २०१० मध्ये मध्यरात्रीनंतर पोलीस बंदोबस्तात. अरे ठराव झालाय ना, मग सकाळी दहाला काढा की सगळ्यांसमोर! कायद्याने घेतलेला निर्णयही अंधारात अंमलात आणला की तो लपूनछपून केल्यासारखा दिसतो, आणि ज्यांचं मत पडलं त्यांच्या मनात ते कायमचं राहतं.

आपल्याकडे नाशकात जयंतीच्या आदल्या रात्री शालिमार किंवा सीबीएस चौकात चक्कर मारून बघा. चौथरा धुतलेला असतो, दोऱ्या बांधून हारासाठी शिडी लावलेली असते, बॅरिकेड लागलेले असतात आणि बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर हवालदार बसलेले असतात, कधी कधी रात्रभर. त्यांना त्या महापुरुषाबद्दल काय वाटतं हा प्रश्नच नसतो. तिथे काही झालं तर आधी बाजारपेठ बंद होणार, रिक्षा बंद होणार, रोजंदारीवाल्याचा दिवस बुडणार, आणि मार खाणार ते जवळच्या वस्तीतले. बंदोबस्त त्यांच्यासाठी असतो. वादग्रस्त माणसाच्या पुतळ्यालाही हाच हिशोब लागू होतो असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं लिहा. राजकीय पक्षांची नावं घेऊन भांडू नका एवढीच विनंती.

पंचवटी७१

गोदाकाठभाऊ, तुमचं म्हणणं ऐकायला बरं आहे पण मग चाफेकरांचं काय करायचं? १८९६ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली ती दामोदर चाफेकरांनीच ना. रात्रीच घातली, कोणाचा ठराव नव्हता. आपण शाळेत तो प्रसंग छाती फुगवून ऐकला. आणि आपल्या नाशकातही अनंत कान्हेऱ्यांच्या नावाचं अख्खं मैदान आहे गोल्फ क्लबवर, रणजीचे सामने होतात तिथे. त्यांनी तर पुतळ्याला नाही, २१ डिसेंबर १९०९ ला जिवंत कलेक्टरला गोळ्या घातल्या, विजयानंद थिएटरात, भर समारंभात. मग आपल्या लोकांनी केलं की शौर्य आणि आज कोणी केलं की गुंडगिरी, हे कसं काय? मला खरंच उत्तर हवंय, वाद घालायचा म्हणून विचारत नाहीये.

गोदाकाठ

उत्तर मद्रासच्या एका पुतळ्यात आहे. कर्नल नील म्हणून एक इंग्रज अधिकारी, १८५७ मध्ये अलाहाबाद-कानपूरकडे त्याने लोकांना ज्या पद्धतीने फासावर दिलं ते वाचवत नाही. त्याचा पुतळा मद्रासला माउंट रोडवर उभा होता. १९२७ मध्ये तो काढावा म्हणून लोकांनी सत्याग्रह केला, कितीतरी जण तुरुंगात गेले, गांधीजींनीही त्या सत्याग्रहात लक्ष घातलं होतं. पुतळा हलला नाही. मग १९३७ ला निवडणुका होऊन राजाजींचं मंत्रिमंडळ आलं आणि त्यांनी तोच पुतळा उचलून म्युझियममध्ये नेला. पुतळा तोच, राग तोच, फरक एवढाच की दहा वर्षांत लोकांच्या हातात थोडी सत्ता आली.

चाफेकरांकडे कुठली महापालिकेची महासभा होती? कोणाकडे अर्ज करणार होते ते, राणीकडे? ज्याला मतच नाही त्याच्या डांबराकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. आज आपण नगरसेवक निवडतो, आमदार निवडतो, कोर्टात जाऊ शकतो, माहिती अधिकार टाकू शकतो. एवढं सगळं असताना परत डांबराचा डबाच उचलायचा असेल तर १९३७ आणि १९४७ ला मिळवलं काय?

येवल्याची_लेक

गोदाकाठ दादा, मी तुमच्या विरोधात नाहीये पण "कोर्टात जाऊ शकतो" हे इतकं सोपं करून सांगू नका.

जयपूरला राजस्थान हायकोर्टाच्या आवारात मनूचा पुतळा आहे. हो, मनुस्मृतीवाला मनू. १९८९ मध्ये बसवला. त्याच वर्षी हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी एकत्र बसून तो काढायचं ठरवलं, त्यावर याचिका झाली, स्थगिती आली आणि पुतळा तिथेच राहिला. जिथे माणूस न्याय मागायला जातो तिथे दारात मनू. २०१८ मध्ये आपल्याकडच्या, औरंगाबादहून गेलेल्या दोन बायका त्यावर चढल्या आणि त्यांनी काळा रंग फासला. भर दिवसा, सगळ्यांसमोर, पळून न जाता. अटक झाली त्यांना. आता सांगा, एकोणतीस वर्षं थांबल्यावर अजून किती थांबायचं? तुमचा उघड रस्ता कोणीतरी दाराला कुलूप लावून बंद करून ठेवला तर?

आणि सत्याग्रह कसा करायचा हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात हजारो लोक काळाराम मंदिराच्या दाराशी बसले, नंतर रथाच्या वेळी दगड खाल्ले, डोकी फुटली, आणि तरी पुढची काही वर्षं ती चळवळ चालली. कोणी मंदिराची एक वीट काढली नाही. दार उघडलं नाही म्हणून शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. उघड रस्ता आम्ही शेवटपर्यंत चालून बघितलाय.

संरक्षणाचं म्हणाल तर ते सगळ्यांना सारखं कुठे मिळतं? ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. पुतळ्याची विटंबना करणारा राहिला बाजूला, गोळ्या कोणाला लागल्या बघा. तामिळनाडूत कितीतरी गावांत बाबासाहेबांचा पुतळा लोखंडी पिंजऱ्यात ठेवलाय, फोडू नये म्हणून. माझ्या मामेभावाने तिकडून फोटो पाठवला होता, पिंजऱ्याला बाहेरून कुलूप आणि आत निळा कोट. तो बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. म्हणून सांगते, सगळ्या पुतळ्यांना एकच नियम म्हणायच्या आधी आज कोणता पुतळा कोणाच्या भरवशावर उभा आहे ते बघा.

सिडकोवाला

मी थोडं वेगळं बोलतो. रस्त्यावर पुतळे हवेतच कशाला? सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की रस्ते, फुटपाथ, चौक यावर नवीन पुतळ्यांना परवानगी देऊ नका, वाहतुकीला अडथळा होतो. तरी प्रत्येक निवडणुकीच्या आधी नवीन चौथऱ्याचं भूमिपूजन असतंच. त्र्यंबक नाक्यापासून सीबीएसपर्यंत संध्याकाळी सहाला गाडी काढून बघा, आणि २०२७ च्या कुंभमेळ्यात काय होणार देव जाणे.

आणि काढलेले पुतळे जपून तरी काय करायचं? अमेरिकेत शार्लट्सविलला जनरल लीचा पुतळा होता, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्याचा सेनापती, तो २०२३ मध्ये सरळ वितळवला, त्या धातूतून नवीन काहीतरी करणार आहेत. मला ते पटलं. जागा, गोदाम, वॉचमन, लाईट बिल, हा खर्च आपण घरपट्टीतून भरायचा का? ज्याला तो माणूस प्रिय आहे त्याने घरी न्यावा.

मातीकाम

मी मूर्तिकार आहे, या विषयावर बोलायचं टाळतो कारण गिऱ्हाईक सगळ्या बाजूंचे असतात. पण वितळवा, फोडा, उखडा हे शब्द वाचून राहवलं नाही.

पुतळा म्हणजे काय ते आधी सांगतो. आम्ही आधी छोटं मॉडेल करतो, ते मंजूर झालं की लोखंडी सांगाड्यावर पूर्ण मापाची माती चढवतो. आठ-नऊ फुटी पुतळ्याला माती महिनोन्‌महिने ओली ठेवावी लागते, गोणपाट भिजवून, नाहीतर तडे जातात. त्यावर कला संचालनालयाची माणसं येऊन बघतात, भुवई वर घ्या, तलवारीचा कोन बदला, मग प्लास्टरचा साचा, मग मेण, मग ब्राँझचं ओतकाम तुकड्या-तुकड्यांत आणि ते वेल्डिंग करून घासून एकजीव करायचं. आतून स्टीलचा सांगाडा चौथऱ्यातल्या बोल्टला धरलेला असतो. यात कुठे घाई केली की काय होतं ते मालवणला राजकोटवर सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण आणि २६ ऑगस्ट २०२४ ला महाराजांचा पुतळा जमिनीवर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता मुद्द्याचं. ब्राँझचा पुतळा नीट हलवता येतो. चौथऱ्याची वरची फरशी काढायची, बोल्ट मोकळे करायचे, कमरेला आणि काखेतून रुंद पट्टे घालून क्रेनने सरळ वर उचलायचा, गळ्यात दोर टाकून ओढायचा नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, माणूस जाणता पाहिजे. जेसीबीने धक्का मारला की घोट्यात फाटतो आणि मग परत जोडला तरी तो सांधा कायम कच्चा राहतो. फायबरचे पुतळे वेगळे, ते स्वस्तात होतात म्हणून बसवतात, दोन-चार उन्हाळ्यात तांब्याचा रंग उडून पांढरे पडतात आणि एका दगडात नाक जातं.

सिडकोवाला भाऊ, वितळवायचा अधिकार लोकांना नाही असं मी म्हणत नाही. पण करणाऱ्याने त्यात एक-दीड वर्ष घातलेलं असतं आणि तो त्या काळचा नमुना असतो. मुंबईच्या काळ्या घोड्याचंच घ्या. घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये तिथून काढून राणीच्या बागेत नेला. आजही तिथे आहे, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या शेजारी. विद्यार्थी असताना मी त्या घोड्याच्या पायाच्या नसांचे स्केच काढायला जायचो. राजाला सलाम करायला कोणी जात नाही तिथे, पण घोडा कसा करावा हे शिकायला अजून पोरं जातात. आणि चौकाला अजूनही काळा घोडाच म्हणतात.

तांबटलेन

मातीकाम सरांनी छान लिहिलं. मी गडकऱ्यांबद्दल बोलणार आहे, कारण आमच्या घरी तीन पिढ्या नाटकवाल्या.

तो पुतळा काढला तो 'राजसंन्यास' मधल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरून. ते नाटक अपुरं आहे, गडकरी १९१९ मध्ये चौतिसाव्या वर्षीच गेले. संभाजी महाराजांचं ते चित्रण आजच्या संशोधनाला धरून नाही हे मलाही मान्य आहे. वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्य घालवून कागदपत्रं धुंडाळली तेव्हा कुठे महाराजांवरची ती बदनामी पुसली गेली, आणि ते काम गडकरी गेल्यावर कित्येक वर्षांनी पुढे आलं. ज्यांना महाराजांचा अपमान झाला असं वाटलं त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण मग त्या पुतळ्याखाली बेंद्र्यांच्या कामाची पाटी लावायची मागणी करायची होती! येणाऱ्या प्रत्येक पोराला कळलं असतं की नाटककाराने असं लिहिलं आणि इतिहासकाराने पुराव्याने ते खोडलं. पुतळा नदीत टाकल्याने महाराजांची बाजू कोणाला कळली? टीव्हीवर दोन दिवस फक्त मुठा दाखवत होते.

पुतळा उखडणाऱ्यांचं नाव होतं, पुराव्यासाठी डोळे फोडणारे बेंद्रे कोणाला माहीत नसतात. याचा मला फार राग येतो.

येवल्याची_लेक

तांबटलेन काका, पाटीचा मार्ग मलाही आवडतो, पण तो कसा अडतो तेही बघा. इंग्लंडात ब्रिस्टलला एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा होता, माणसं जहाजात भरून विकणाऱ्या कंपनीतला बडा माणूस, १८९५ मध्ये शहराचा दानशूर म्हणून उभा केला. लोक कित्येक वर्षं सांगत होते काढा, नाहीतर खरं सांगणारी पाटी तरी लावा. पाटी लावायचं ठरलं तर मजकुरावर घासाघीस सुरू झाली, हा शब्द कडक आहे, तो काढा, आणि शेवटी पाटी लागलीच नाही. ७ जून २०२० ला लोकांनी पुतळा ओढून पाण्यात टाकला. चार जणांवर खटला झाला आणि ज्युरीने जानेवारी २०२२ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. आता तो म्युझियममध्ये आडवा ठेवून दाखवलाय, अंगावरचा रंग तसाच ठेवून. म्हणजे पुतळा आहे, दानशूर म्हणून होता तेही कळतं, आणि लोकांनी काय केलं तेही कळतं. मला हे सगळ्यात बरोबर वाटतं.

पंचवटी७१

ताई, पटलं. फक्त इथे एक गोष्ट कोणी बोललं नाही. गोदाकाठभाऊ महासभेचा ठराव म्हणतात, पण आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच होते. त्या काळात एखादा पुतळा हलवायची मागणी आली असती तर कोणासमोर मांडायची होती? एका अधिकाऱ्याच्या सहीने पुतळा गेला किंवा राहिला तर त्याला लोकांचा निर्णय म्हणायचं का?

गोदाकाठ

नाही म्हणायचं. आणि येवल्याच्या ताईंनी जयपूरचं जे सांगितलं त्याचाही विचार करतोय कालपासून. त्यामुळे माझं म्हणणं आता जरा नेमकं मांडतो.

पुतळ्याला संरक्षण आहे म्हणून मागणी करणाऱ्याला गप्प बसवायचं नाही. दोन्ही एकत्र पाहिजे. नवीन पुतळा बसवायला आपल्याकडे किती कागद लागतात बघा, पोलिसांचा ना-हरकत दाखला, जागेची मालकी, कला संचालनालय, देखभालीचा खर्च कोण करणार त्याची हमी. बसवायची एवढी रीत आहे पण हलवायची रीतच नाही! म्हणून एक तर कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहतं नाहीतर रात्री घाव बसतो. मागणी आली की ठराविक मुदतीत जाहीर सुनावणी झालीच पाहिजे, दोन्ही बाजूंचं लेखी घेतलं पाहिजे, आणि निर्णय कारणांसकट छापून त्याच चौकात लावला पाहिजे. लोकनियुक्त सभागृह नसेल तर फक्त सुनावणी घ्या, निर्णय सभागृह आल्यावर. आणि ज्या दिवशी सुनावणी लागली त्या दिवसापासून निर्णयापर्यंत बंदोबस्त दुप्पट, कारण खरा धोका त्याच दिवसांत असतो.

मार्च २०१८ आठवा. त्रिपुरात निवडणुकीचा निकाल लागला आणि बेलोनियाला लेनिनचा पुतळा पाडला. लगेच तामिळनाडूत पेरियार, कोलकात्यात श्यामाप्रसाद मुखर्जी, मेरठला बाबासाहेब. एका आठवड्यात चार राज्यं, आणि त्या चौघांचं एकमेकांशी काय देणंघेणं? लेनिन पाडणाऱ्याने विचार केला होता का की याचा घाव मेरठच्या वस्तीवर जाऊन बसेल? ताई, तुम्ही रमाबाई नगरचं लिहिलंत ते म्हणूनच महत्त्वाचं आहे. रात्री फोडायची मुभा सगळ्यांना मिळाली की शेवटी ज्यांच्याकडे पोलीस नाहीत, वकील नाहीत, त्यांचेच पुतळे फुटतात. माझा आग्रह आहे तो यासाठी.

येवल्याची_लेक

मुदतीचं लिहिलंत ते बरं केलंत. मुदत नसेल तर सुनावणी म्हणजे नुसती तारीख पे तारीख. मुदत असेल तर माझी सही आहे.

तांबटलेन

मग आपल्या गावापासूनच सुरू करू. कान्हेऱ्यांचं नाव मैदानाला आहे, ते राहिलंच पाहिजे, अठरा वर्षांचा पोरगा १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, सोबत कर्वे आणि देशपांडे. पण मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या किती पोरांना माहीत आहे की विजयानंदमध्ये त्या रात्री 'शारदा' चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनची बदली झाली म्हणून निरोपाचा? बाबाराव सावरकरांवर खटला भरून त्यांना काळ्या पाण्यावर पाठवण्यात त्याचा हात होता हा त्या गोळीमागचा राग. आणि तोच जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोक त्याला पंडित म्हणायचे, त्याने गोळा केलेल्या लोकसमजुतींच्या नोंदी तो मेल्यावर एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने छापल्या. मला जॅक्सनचा पुतळा नकोय, कोणाच्याही मनात ते येऊ नये. पण थिएटरच्या जागी एक धड पाटी असावी, कान्हेऱ्यांनी काय केलं, का केलं, आणि समोर कोण होता, सगळं त्यात यावं.

पंचवटी७१

काका, जॅक्सन पंडित होता हे पाटीवर कशाला? शाळेची सहल येईल आणि पोरं विचारतील मग त्याला मारलं का.

तांबटलेन

विचारू देत ना! मास्तर सांगतील की संस्कृत येत असलं तरी परक्या राजाचा नोकर होता आणि माणसं काळ्या पाण्यावर पाठवत होता. कान्हेऱ्यांनी एखाद्या मूर्ख दुष्टाला मारलं असतं तर त्यात विचार करायला लावणारं काय होतं?

गोदाकाठ

काका, मजकुराचा कच्चा मसुदा तुम्ही इथेच टाका, मराठीत, दहा ओळींच्या आत, म्हणजे उभ्या उभ्या वाचता येईल. पंचवटीभाऊंची हरकतही त्याखाली येऊ देत. पाटी कशाची करायची ते मातीकाम सरांनी सांगावं.

मातीकाम

काळ्या बसाल्टवर कोरून करा, आपल्याकडे मुबलक आहे आणि ऊन-पावसात शंभर वर्षं टिकतो. स्टीलवर प्रिंट करू नका, अक्षरं जातात. अक्षर किमान बोटभर उंच ठेवा आणि पाटी डोळ्यांच्या पातळीला. कोरायचं काम मी मजुरीशिवाय करीन, फक्त दगड आणि परवानगी आणा.